बॉनेटखालची गोगलगाय

३ मार्च, रविवार

मंडळाची मीटिंग. जागा नेहमीचीच, बंद पडलेल्या सुपरमार्केटमागचं पार्किंग. जुन्या स्पोर्ट्स कार झाडांच्या सावलीत, नव्या टर्बोवाल्या समोरच्या भिंतीलगत उन्हात. ही व्यवस्था अध्यक्ष या नात्यानं मीच लावली आहे. एकमतानं मंजूर झाली होती, म्हणजे कोणी काही बोललं नव्हतं.

आज टर्बोवर पाऊण तास बोललो. मुद्दे टिपून ठेवतो, पुढेमागे पुस्तक करायचं ठरलं तर हाताशी असावेत. टर्बो म्हणजे काय, तर एक्झॉस्टच्या धुरावर फिरणारा पंखा. इंजिनाच्या घशात बळजबरीनं हवा कोंबतो. जुनं इंजिन स्वतःच्या छातीनं श्वास घेतं, टर्बोवालं व्हेंटिलेटरवर असतं. टर्बो ओळखायचा कसा? सोपं आहे. शिट्टी मारतो. पाय दाबला की आधी क्षणभर गप्प बसतो. आणि मग मागून कोणीतरी ढकलल्यासारखा धक्का देतो. हे तिन्ही दुर्गुण जिच्यात, ती गाडी नव्हे, मिक्सर.

दंतवैद्य मध्येच काहीतरी बोलू पाहत होता. नवी कोरी टर्बो घेतली आहे त्यानं. मला काका म्हणतो. बॉनेट उघडून सगळ्यांना आतला तो वेटोळा टर्बो दाखवत होता, हुबेहूब गोगलगाय. मी म्हटलं, गोगलगाय आणि पोटात पाय. सगळे हसले. सेक्रेटरी तर जरा जास्तच हसला, ठसका लागेपर्यंत.

माझ्या विनोदावर घरी कोणी हसल्याचं आठवत नाही. ऑफिसात माझं वाक्य संपायच्या आत माणसं लिफ्टमध्ये शिरलेली असतात. रविवार आहे म्हणून बरं.

५ मार्च, मंगळवार

ऑफिसला जाताना उड्डाणपुलावर गाडी जरा ताणली. अकरा वर्षं झाली घेऊन, पण अजून अंगावर काटा येतो. पाय दाबला की ती आधी एक क्षण थांबते. जणू विचारते, साहेब, नक्की ना? आणि मग पाठीत असा रेटा देते की टाय खांद्यावर. याला म्हणतात खानदान. नव्या गाड्यांना हा अदबीचा क्षणच माहीत नाही. शिवाय तो बारीक सूर. बासरीच म्हणा.

संध्याकाळी हिला सुराबद्दल विचारलं. ही म्हणाली, हो तर, कोपऱ्यावर तुमची शिट्टी ऐकू आली की मी चहा टाकते. शिट्टी! जाऊ दे. हिला संगीताचा कान नाही, हे लग्नातच कळलं होतं.

गाडीतून उतरताना कंबर धरली. सीट जमिनीलगत, त्याला काय करणार? हिनं नेहमीप्रमाणे दोन्ही हात धरून ओढून काढलं. काढता काढता गाडी विकायचा विषय काढला. तिला गुडघ्यामुळे आत बसता येत नाही, मला कमरेमुळे बाहेर येता येत नाही, मग ही गाडी आहे तरी कोणासाठी, असा तिचा प्रश्न. उत्तर दिलं नाही. त्या वेळी मी अर्धाच बाहेर होतो.

संकल्प: उद्यापासून कमरेचे व्यायाम.

१० मार्च, रविवार

व्यायाम पुढच्या सोमवारपासून. अर्ध्या आठवड्यात सुरू केलेलं काही टिकत नाही.

आज अनर्थ. दंतवैद्य लवकर आला आणि त्यानं गाडी चक्क सावलीत लावली. म्हणे, ऊन फार आहे, डॅशबोर्ड तापतो. मी तिथल्या तिथे ठराव मांडला: ३१ तारखेच्या वार्षिक मेळाव्यात प्रत्येक गाडीचं बॉनेट सर्वांसमक्ष उघडायचं. आत गोगलगाय दिसली की ती गाडी कायमची उन्हात, मालक कोणीही असो. सुरुवात अध्यक्षांपासून.

सेक्रेटरीनं विचारलं, अध्यक्षांपासून कशाला? मी म्हटलं, आधी केले, मग सांगितले. तो म्हणाला, पुन्हा एकदा विचार करा साहेब. मी केला, लगेच केला, आणि ठराव तसाच ठेवला. फार भित्रा माणूस आहे. दंतवैद्य स्वतःच्या बुटांकडे बघत उभा होता. लाज वाटली असावी.

ठराव एकमतानं मंजूर.

१६ मार्च, शनिवार

मेळाव्यासाठी इंजिन चमकवायचं ठरवलं. इतक्या वर्षांत बॉनेट मी स्वतः कधी उघडलं नव्हतं. खानदानी गाडीच्या पोटात उठसूट डोकवायचं नसतं, ते काम गॅरेजवाल्याचं. पण खटका काही सापडेना. पेट्रोलचं झाकण दोनदा उघडलं. एकदा सीट मागे गेली, मी तिच्यासकट. शेवटी हिनं येऊन कुठेतरी पायाशी हात घातला आणि बॉनेट उघडलं. हिला कसं माहीत? काच धुवायचं पाणी दर महिन्याला कोण भरतं, असं म्हणाली आणि आत गेली.

इंजिन देखणं आहे. एका बाजूला एक वेटोळी वस्तू आहे. हॉर्न असावा, पूर्वी हॉर्न दणकट करायचे. कपडा मारून लख्ख केला.

नंतर, सहज म्हणून, हॉर्न वाजवून पाहिला. आवाज भलतीकडून आला, बंपरच्या मागून.

१८ मार्च, सोमवार

व्यायाम नाही. मनःस्थिती ठीक नाही.

गॅरेजमध्ये गेलो. एका मित्राच्या गाडीत अशी अशी वस्तू दिसली, असं सांगून पाहिलं. गॅरेजवाला म्हणाला, तुमच्या टर्बोसारखीच असेल. माझ्या टर्बोचा पाइप म्हणे त्यानं गेल्या वर्षीच बदलला. तेव्हा मला सांगितलंही होतं, पण मी त्याला टर्बोचे तोटे समजावत होतो. माझ्या गाडीचं मॉडेल म्हणे टर्बो आणि बिनटर्बो अशा दोन्ही प्रकारांत निघालं होतं, बाहेरून सारखंच. मागचा नावाचा बॅज आधीच्या मालकानं हौसेनं बदलून बिनटर्बोचा लावलेला. मी गाडी घेतली ती बॅज वाचून.

टर्बो काढून टाकता येईल का, असं विचारलं. त्यानं हातातला पाना खाली ठेवला आणि माझ्यासाठी चहा मागवला.

शांतपणे विचार केला. जुनी टर्बो आणि नवी टर्बो यांत फरक आहे. जुनी टर्बो अनुभवी असते. तिला एका अर्थी जुनं इंजिनच म्हणता येईल. पण हा युक्तिवाद मंडळात चालणार नाही. तो खोडायचा कसा, हे मीच त्यांना शिकवलंय.

संकल्प: रविवारी सगळं स्वच्छ सांगून टाकायचं.

२४ मार्च, रविवार

सांगायलाच गेलो होतो. पण पोचलो तर खुर्ची मांडलेली, पाण्याची बाटली ठेवलेली, माणसं गोल करून उभी. शुद्ध इंजिनावर तासभर बोललो. चांगलं झालं भाषण.

शेवटी जाता जाता सुचवलं की बॉनेट ही खासगी बाब आहे, ठरावाचा फेरविचार व्हावा. सेक्रेटरीचा चेहरा एकदम खुलला. रद्द करू, आत्ताच करू, म्हणाला. सुटलो होतो. तेवढ्यात दंतवैद्य म्हणाला, काकांची इच्छा असेल तर माझाही पाठिंबा.

त्याचा पाठिंबा! टर्बोवाल्याचा! माझं डोकं फिरलं. म्हटलं, ठराव राहील. उघडायची म्हणजे उघडायची, दूध का दूध होऊन जाऊ दे.

आपल्याच हातानं पायावर धोंडा पाडून घेणारे लोक मी पाहिले आहेत. तो उचलून आणून पुन्हा पाडणारा मीच.

मला भीती वाटते आहे. हे लिहायला इथे हरकत नाही. रविवार गेला तर आठवड्यात माझं असं काय राहतं?

२७ मार्च, बुधवार

उपाय सापडला. अगदी साधा. बॉनेटची केबल पक्कडीनं तोडली. खटका आता नुसताच हलतो, बॉनेट उघडत नाही. यांत्रिक बिघाडापुढे ठराव काय करणार? माझ्या हाताला इतकं कौशल्य आहे, हे माहीत नव्हतं. तीन दिवसांत प्रथमच नीट जेवलो. ही म्हणाली, बऱ्याच दिवसांनी शिट्टी आनंदात वाजली. दुर्लक्ष केलं.

३१ मार्च, रविवार. सकाळी

सगळं तयार. चेहरा खेदाचा ठेवायचा. आरशात सराव केला आहे.

३१ मार्च, रविवार. दुपारी, गाडीत

गाडीत बसूनच जाहीर केलं की केबल तुटली, फार वाईट वाटतं. चेहरा उत्तम जमला होता. पण दंतवैद्य म्हणाला, बघू तरी, काका. आणि पुढच्या जाळीतून दोन बोटं आत घातली. आयुष्य लोकांच्या तोंडात हात घालण्यात गेलेलं. क्षणात बॉनेट वर, खटका त्याच्या हातात. मदतच करायला आला होता तो. मेल्याचा स्वभावच तसा आहे.

बॉनेट काचेसमोर उभं राहिलं. पलीकडचं काही दिसेना. उतरायला गेलो तर कंबर जागच्या जागी धरली. पलीकडे कोणी हसलं नाही. लख्ख पुसलेली ती गोगलगाय सगळ्यांसमोर. हसले असते तर बरं झालं असतं.

मग सेक्रेटरी खिडकीशी येऊन वाकला. हळू आवाजात म्हणाला, "साहेब, आम्हाला पहिल्या दिवसापासून माहीत आहे. गेटवर शिट्टी वाजली की आम्ही तुमची खुर्ची मांडतो."

मी विचारलं, मग मला सांगितलं का नाही?

"सांगितलं होतं. दोन-तीनदा. तुम्ही बोलत होता."

ठराव तो ठराव. मी जाहीर केलं की गाडी उन्हात जाईल, आणि यापुढे टर्बोच्या ॲक्सिलरेटरवर माझा पाय पडणार नाही. दुसरं वाक्य जास्तीचं होतं. इंजिन चालू करायचं नाही म्हटल्यावर गाडी ढकलावी लागणार. आधी क्षणभर कोणी हललं नाही. मग मागून धक्का बसला. आणि ढकलताना त्यांच्यातल्या कोणीतरी शिट्टी वाजवली.

घरी दंतवैद्यानं आणलं. बॉनेट दोरीनं बांधलं आणि त्याच्या टर्बोला माझी गाडी जोडून ओढत आणली. मान्य करायला हवं, चढावर ती जराही थांबली नाही. फाटकाशी त्यानं हात पुढे केला, या काका, उतरवतो. मी म्हटलं, मला थोडा वेळ बसायची सवय आहे. पुढच्या रविवारी उन्हात शेजारी शेजारी लावू, छत्री मी आणतो, असं म्हणून तो गेला.

तेव्हापासून इथेच बसलो आहे. कंबर हलत नाही. स्वयंपाकघराची खिडकी समोर दिसते, ही आत काहीतरी निवडत बसली आहे. कोपऱ्यावर शिट्टी वाजलीच नाही, त्यामुळे मी आलो आहे हे तिला माहीत नाही.

हॉर्न वाजवून पाहिला, तीन वेळा. तिनं मान वर केली नाही. हॉर्न काय, कोणाचाही असतो.