गोपिकेचा दाखला

खापरखेडा, ८ जुलै १९७६

ती. स्व. शामलामावशीस,
देवकीचा सा. न. वि. वि.

आमची गोपिका तिसरीत गेली, पण एक गणित पुरे होत नाही. एक आकडा मांडते, उठते, कुंपणावरचा सरडा बघून येते, दुसरा विसरते. हेडमास्तर म्हणतात, मुद्दाम करते. सासूबाईंचा पारशिवनीहून निरोप आला, "पोरीले इकडं धाडून दे, बकऱ्या तरी राखन." काल अभ्यासाला बसवताना यांनी तिचा पाय दुपट्ट्याने खाटेला बांधला. मी बघत राहिले. तू चौतीस वर्षे शिकवलेस, माझे काय चुकले ते सांग.

तुझी देवकी

नागपूर, १४ जुलै

चि. सौ. देवकीस अनेक आशीर्वाद.

आधी पाय सोड. सीताबर्डीवरच्या मुलांच्या डॉक्टरांना तुझे पत्र वाचून दाखवले. ते म्हणाले, चाळिसांच्या वर्गात अशी दोन तरी असतात. लक्ष न ठरणे ही मेंदूची जन्मापासूनची घडण. पुष्कळदा घरात आधीही कोणी तसे असते. (जावई मनोहरराव चौथीत किती वर्षे होते, ते सासूबाईंना सहज विचार.) तुझे काही चुकले नाही. औषध मात्र देता येत नाही म्हणाले. मग इतके शिकलात कशाला, असे मी विचारले.

पोर बघितल्याशिवाय हे लिहून चिठ्ठी देत नव्हते. मी खुर्चीतून उठलेच नाही. चिठ्ठी रजिस्टरने शाळेला पाठवली आहे. लेखी कागदापुढे हेडमास्तरांची काय बिशाद?

गोपिकेला पापा.
तुझी मावशी

खापरखेडा, २९ जुलै

ती. स्व. मावशीस सा. न.

हेडमास्तरांनी यांना बोलावले. मेंदूचा आजार आहे हे तुम्हीच लिहून दिले, आता जबाबदारी माझी नाही, म्हणाले. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर तेच कारण घातले. ते वाचून दुसऱ्या शाळेनेही नाव घातले नाही. काल हे तिला पारशिवनीला सोडून आले. निघताना तिने विचारले, "आई, तिथं मले कोणता वर्ग वं?" मी तिच्या पिशवीची नाडी बांधत राहिले.

तुझ्यावर राग नाही.
देवकी

नागपूर, ३ ऑगस्ट

चि. सौ. देवकीस अ. आ.

काल मी तुमच्या शाळेत येऊन गेले. तुझ्या दाराशी यायचे धाडस झाले नाही. चिठ्ठी परत मागितली. नोंदलेला कागद परत देत नाहीत, म्हणाले. खरे आहे, मीही दिला नसता.

वर्गात दोन धरल्या तरी माझ्या हाताखालून अडुसष्ट अशा मुली गेल्या. आळशी म्हणून मी त्यांना दाराबाहेर उभे केले. तेव्हा कळत नव्हते. आता कळते, तर एकीलाही आत घेता येत नाही.

तिला माझ्याकडे पाठव, असे तीनदा लिहून खोडले. जावई पाठवणार नाहीत, आणि तू तरी कोणत्या भरवशावर पाठवावीस?

लोभ ठेव म्हणायचा हक्क उरला नाही. तरी म्हणते.

शामला