चुचुरात काय आहे?

४ सप्टेंबर
मर्हामा सकाळीच मुलीकडे निघून गेली, बेकासीला. कारण क्षुल्लक. पाहुण्यांसमोर मी सहज म्हटलं, चुचुरात काय आहे? तांदळाचं पीठ, ताडगूळ, ओतायचं तेलात. बायकोनं एप्रन काढून माझ्या गळ्यात घातला. म्हणाली, "अहो, मग तळा की!" परवा येईल. तोवर मशिदीसमोरची आमची चुचुरांची हातगाडी मीच बघणार. पुरुषाचा हात लागला की धंद्याला शिस्त येते.

५ सप्टेंबर
चुचुराला कडेनं झालर हवी, मध्ये फुगीर टोपी. माझ्या चुचुरांना दोन्ही नाही. शेजारच्या रोहिलीभाऊंनी विचारलं, हे खायचं की पंक्चरला लावायचं? पीठ जुनं असणार.

८ सप्टेंबर
पीठ नवं, कढई नवी. टोपी आली! आतून कच्ची. रोजच्या गिऱ्हाईक इचामावशींनी एक घास घेतला आणि कवळी काढून तपासली. गॅसचं प्रेशर कमी आहे. कंप्लेंट करणार.

११ सप्टेंबर
मुलीला सहज फोन केला. चुचुराचा विषय काढलाच नाही. फक्त पीठ किती वेळ मुरवायचं ते विचारलं. म्हणाली, "बाबा, आई म्हणते, त्यात काय आहे?" मागे कुणीतरी खळखळून हसलं. मर्हामा अशी हसते, हे मी विसरलोच होतो.

१२ सप्टेंबर
परवा रोहिलीभाऊंच्या मुलीचं लग्न. चुचुरांची ऑर्डर मर्हामानं आधीच घेतलेली. भाऊ चाचरत म्हणाले, "नाईमून, राहू दे रे. केक सांगतो." मी ठणकावलं, शब्द म्हणजे शब्द. टेन्शन अजिबात नाही.

१४ सप्टेंबर
सगळा घाणा करपला. बाजारातून गुपचूप चुचुर आणून ताटात रचले. इचामावशी म्हणाल्या, "अगदी मर्हामाचा हात!" मी नम्रपणे मान लववली. नंतर दुकानदाराला विचारलं, माल कुठला? म्हणाला, "बेकासीचा. तिकडे एक नवी बाई आलीय, काय तळते!"

१५ सप्टेंबर
बेकासीला गेलो. समजूत घालायला, माफी वगैरे नाही. मुलीच्या गल्लीच्या तोंडाशी मर्हामाची गाडी, रस्त्यापर्यंत रांग. मी थेट पुढे गेलो. तिनं मानही वर केली नाही. "अहो, लाईन तिकडून आहे."
उभा राहिलो. मनात भाषण जुळवलं. छान जमलं होतं. 'चल घरी'च्या आधी 'माझं चुकलं'सुद्धा घातलं.
नंबर आला तेव्हा ती कढई उतरवत होती. म्हणाली, "संपलं."
काय संपलं, हे विचारणार तोच मुलगी बादली घेऊन आली. "बाबा, जरा बाजूला व्हा ना, गाडी धुवायचीय."
बाजूला झालो.