छत्रीची काडी

सर, परवा नळीत छत्री उघडली आणि तुमची आठवण आली. वसईतल्या तुमच्या दोन खोल्यांच्या लॅबमध्ये माझा तिसराच दिवस होता. तुम्ही आतून म्हणालात, "छत्री उघडली का बघ." मी दारामागची तुमची काळी छत्री काढली, उघडली आणि कळवलं की उघडली, पण एक काडी मोडलेली आहे. तुम्ही ठसका लागेपर्यंत हसलात, मग माझ्या हातात एक नळी दिलीत. पातळसर जेलीत सुईने टोचून सोडलेला जंतू वरच्या बाजूला छत्रीसारखा पसरला होता. त्याचं नाव लिस्टेरिया, हे मी लाजेपायी नीट ऐकलंही नाही.

पुढे एकदा रक्ताच्या नमुन्यात ग्रॅमच्या रंगाने जांभळ्या झालेल्या काड्या, म्हणजे काडीसारखे जंतू, दिसल्या, तर मी 'त्वचेवरचे जंतू, नमुना दूषित' असं लिहून मोकळी झाले. तुम्ही कागद परत माझ्यापुढे सरकवलात. रागावलात की तुमची गास गावची बोली हमखास बाहेर यायची. "काड्या दिसल्या म्हनून लगेच कचरा म्हनायचं नाय. कोन हलतंय ते बघ आधी. नळी उबेच्या पेटीच्या बाहेर ठेव, उबेत लिस्टेरिया आळशी असतो." तेव्हा मला तुमचा फार राग आला होता.

आता मी विरारला आहे. बुधवारी चार दिवसांच्या एका बाळाच्या रक्तात तशाच आखूड काड्या आल्या. बाळ तापाने फणफणलेलं, दूध ओढत नव्हतं, आणि चालू असलेलं औषध लिस्टेरियाला लागू पडत नाही. आमच्या नव्या टेक्निशियनने 'दूषित' लिहूनही टाकलं होतं. मी तिला थांबवलं, थोडा नमुना जेलीच्या नळीत टोचला आणि उरलेला पेटीबाहेर टेबलावर ठेवला. दुपारी एक थेंब सूक्ष्मदर्शकाखाली बघते, तर काड्या मजेत कोलांट्या मारतायत. छत्रीची वाट न बघता मी डॉक्टरांना फोन केला, त्यांनी लगेच औषध बदललं. छत्री दुसऱ्या दिवशी उघडली. काल बाळ दुधासाठी रडलं म्हणे. मला इतका आनंद झाला की सगळ्यांना चहा पाजला.

ती टेक्निशियन मात्र कोपऱ्यात तोंड पाडून बसलेली. छत्रीचा किस्सा मी सगळ्या नव्या मुलींना सांगते, पण त्यातली वेंधळी नेहमी 'माझ्याबरोबरची एक' असते. एकदा तर तुमच्यासमोरच तसा सांगितला होता. तुम्ही नुसता चहा ढवळत राहिलात. काल पहिल्यांदा म्हटलं, "अगं, ती मीच." पोरगी खुदकन हसली.

तुम्ही गेलात, आता हे पत्र टाकायचं कुठे, ते मला ठाऊक नाही. नळ्यांच्या खणातच राहील. तुम्ही ती छत्री तारेने बांधून पुढे कितीतरी पावसाळे वापरलीत आणि कधी काही विचारलं नाहीत. सर, ती काडी आधी मोडलेली नव्हती. मी उघडताना मोडली.