‘बरं हाय’ची किंमत

आई, तू कोर्टाच्या पिंजऱ्यात उभी राहिलीस त्याला आता बावीस वर्षं झाली आणि तू जाऊन चौदा. तरी गेल्या मंगळवारपासून तू मला तिथंच दिसतेस. हळदीनं पिवळी पडलेली बोटं लाकडी कठड्यावर, सगळा भार डाव्या पायावर, आणि चेहरा असा की कुणाच्या तरी साखरपुड्याला आलीयस. मी वकील आहे, पत्ता नसलेल्या माणसाला कागद पोचत नाही एवढं मला कळतं. पण कुणाशी तरी बोलल्याशिवाय आता जमेना, आणि बायकोशी बोलायची हिंमत नाही.

तुला सगळं आठवत असेलच, तरी मी माझ्या बाजूनं सांगतो. हळदीच्या गोदामातून सुटून तू पेठेतनं चालत येत होतीस. एका टेम्पोवाल्यानं गाडी मागं घेताना तुला भिंतीशी दाबलं. उजव्या मांडीचं हाड दोन ठिकाणी मोडलं, मिरजेला नेऊन आत गज घातला, अकरा दिवस तू खाटेवर होतीस. अण्णा आधीच गेलेले. मी लॉच्या दुसऱ्या वर्षाला, नुकती शिंगं फुटलेली. नुकसानभरपाईचा दावा लावायचं मीच ठरवलं. आपल्या वकिलांच्या ऑफिसात बसून तुझं प्रतिज्ञापत्रही मीच लिहिलं. असह्य वेदना होतात, मांडी घालून बसता येत नाही, झोप लागत नाही, असं सगळं. त्यातलं एक अक्षर खोटं नव्हतं. पण तुला विचारून लिहिलेलं नव्हतं गं. दुसऱ्या एका अपघातवाल्याच्या फायलीतनं ते मी उतरवून काढलं होतं आणि नशिबानं तुला लागू पडलं.

दुखण्याचे पैसे कसे ठरतात हे तुला तेव्हा कुणी सांगितलं नाही. औषधपाण्याला पावत्या असतात. बुडालेल्या मजुरीचं गणित असतं, वय बघतात, अपंगत्वाचा दाखला बघतात. दुखण्याला पावती नसते. निकालपत्रात ‘वेदना व यातना’ अशी एक ओळ असते. हाडं किती मोडली, ऑपरेशनं किती झाली, माणूस किती दिवस पडून होतं आणि साक्षीत काय बोललं, एवढं बघून न्यायाधीश तिच्यापुढं अंदाजानं रक्कम लिहितात. दवाखान्याच्या बिलात सुटे रुपयेसुद्धा येतात, दुखण्याची रक्कम मात्र कायम ठोकळ, मागं नुसती शून्यं. न्यायाधीशांचाही दोष नाही. दुसऱ्याच्या मांडीत शिरून कोण बघणार? म्हणून तर पिंजऱ्यात तोंडातनं निघालेला शब्द एवढा महाग असतो.

साक्षीच्या आधी मी तुझी चांगली उजळणी घेतली होती. टेम्पोच्या विमा कंपनीचा वकील ओरडेल, दरडावेल, घाबरू नकोस, असं बजावलं होतं. आणि ते म्हातारे गृहस्थ उठले ते हात जोडूनच.

“नमस्कार मावशी. काय म्हणतीया तब्येत? बरं हाय न्हवं?”

“बरं हाय की. तुमचं कसं हाय?”

कोर्टात खसखस पिकली. तेही हसले. “आमचंबी बरं हाय. सैपाकपाणी सूनबाई करती व्हय आता?”

“कुठली सून, दादा! पोराचं शिक्षाण चाललंय अजून. समदं मीच करती. गोदामालाबी जाती.”

आणि हे तू मान ताठ करून सांगितलंस. टायपिस्टनं खटाखटा उतरवलं. ‘हे म्हणणे खरे आहे की, माझी तब्येत आता बरी आहे. हे म्हणणे खरे आहे की, घरातील सर्व कामे मी स्वतः करते.’ तुला वाचून दाखवलं, तू मान हलवलीस आणि सही केलीस.

बाहेर रसवंतीच्या बाकड्यावर चार लोकांदेखत मी तुझ्यावर खेकसलो. “दोन टिपं गाळता आली न्हाईत तुला? जल्माची अडाणी ती अडाणीच!” मग पदरानं तोंड पुसून म्हणालीस, “आरं, वळखीचं ना पाळखीचं माणूस हात जोडून इचारतंय, बरं हाय का. त्येच्यापुढं काय माझं रडगाणं लावू? त्येचं वय तरी बघितलंस का?” खरंच होतं तुझं. अंगात ताप फणफणत असला तरी दारात आलेल्याला आपण “बरं हाय, या, बसा” असंच म्हणतो. दुसरं उत्तर आपल्याकडं कुणी शिकवलेलंच नाही. मी त्याच बोलीत वाढलेला, मला हे कळायला हवं होतं. मी मात्र घर येईस्तोवर तुझ्याशी बोललो नाही.

निकाल लागायला वर्ष गेलं. ‘वेदना व यातना’पुढं जी रक्कम आली ती ऐकून आपल्या वकिलांनीच मान खाली घातली. तू घातली नाहीस. त्या पैशांतनं तू मला काळा कोट शिवून घेतलास. मी नको नको म्हणत होतो, तर म्हणालीस, “दुखण्याचं पैसं हायती. कशाला तरी चांगल्याला लागूंदेत.”

आता जे तुला ठाऊक नाही ते सांगतो. तू गेल्यावर दोन वर्षांनी मी विमा कंपनीच्या वकिलांच्या यादीत नाव घातलं. तू असतीस तर घातलं नसतं, असंही म्हणवत नाही. पोट सगळ्यांनाच आहे आणि कंपनीलाही वकील लागतोच, त्यात पाप नाही. लाज वाटते ती दुसऱ्याच गोष्टीची. पहिल्याच उलटतपासणीला मी उठलो, हात जोडले आणि विचारलं, “काय मामा, बरं हाय न्हवं?” मामा म्हणाले, “बरं हाय.” झालं! तेव्हापासून बारा वर्षं माझं हेच चाललंय. साताऱ्याकडचे एक रिटायर सुभेदार, उजव्या हाताची तीन बोटं गेलेली. “कसं काय सुभेदारसाहेब?” म्हटलं तर छाती काढून म्हणाले, “एकदम फिट!” मी तेही लिहून घ्यायला लावलं. बाररूममध्ये लोक म्हणतात, “तुमच्या जिभेवर साखर हाय, गड्या.” आणि तुला खोटं कशाला सांगू, ते ऐकून मला मूठभर मांस चढायचं. ही साखर कुणाच्या घरची, ते मी कुणालाच सांगितलं नाही.

मंगळवारी कडेगावाकडची एक बाई होती. पन्नाशीची असेल. ट्रॉलीखाली पाऊल सापडून अर्धं कापावं लागलेलं. काखेत कुबडी. मी नेहमीसारखा उठलो. “काय ताई, बरं हाय का?” “बरं हाय, दादा.” न्यायाधीशांनी एकदा माझ्याकडं बघितलं आणि टायपिस्टला मजकूर सांगितला. माझं काम पाच मिनिटांत उरकलं.

व्हरांड्यात मागनं कुबडीचा आवाज आला. म्हटलं, घरातल्यांनी समजावलेलं दिसतंय, आता शिव्या खायच्या. बाई समोर येऊन उभी राहिली. “आवं वकीलसाहेब, लय बरं वाटलं बगा. डाक्टर आलं त्ये पाय बघून गेलं, पोलीस आलं त्ये कागूद बघून गेलं. पोरं रोज इचारत्यात, पैसं कवा येणार. बाई, तू बरी हायस का, असं एका माणसानं इचारलं न्हाई. तुमी इचारलंसा.” आणि कुबडी काखेत दाबून तिनं माझ्यावरनं हात ओवाळले, आपल्या कानशिलावर बोटं मोडली. कडाकडा वाजली. मी “असू द्या, असू द्या” म्हणत जिना उतरलो. बाथरूममध्ये जाऊन तोंडावर पाणी मारलं, तरी आरशात बघवेना.

आई, मीसुद्धा तुला विचारलं नव्हतं. त्या साक्षीनंतरही तू त्याच पायानिशी आठ वर्षं जगलीस. एक पाय लांब सोडून परातीपुढं बसायचीस, आणि उठताना चौकट धरून मोठ्यानं खोकायचीस. रोज. चपात्या झाल्या की खोकला. मी बाहेरच्या खोलीतनं ओरडायचो, “खोकल्याचं औषध आणू का गं?” तू म्हणायचीस, “नगं, ठसका लागला.” तो खोकला कण्हणं दाबायला आहे हे मला कळत होतं. आज हे पहिल्यांदा लिहितोय. मला कळत होतं, आणि विचारलं तर तू खरं सांगशील, याचीच मला भीती होती.

शुक्रवारी त्या बाईच्या केसमध्ये युक्तिवाद आहे. वकीलपत्र कंपनीचं घेतलंय, बोलायचंही कंपनीच्याच बाजूनं. पण पावत्यांवर बोलता येतं, दाखल्यातल्या टक्क्यांवर बोलता येतं, सरळ लढायला जागा पुष्कळ आहे. ते एक वाक्य सगळ्यात वर ठेवायला मला कुणी सांगितलेलं नाही. टाइप केलेला कागद इथंच, या पत्राखाली आहे. पहिलाच मुद्दा, ‘अर्जदार स्वतःच कबूल करते की तिची तब्येत बरी आहे.’ मंगळवारपासून चार वेळा पेन उचललं. एवढं सगळं तुला लिहून झालं, तरी आई, ते वाक्य मी अजून खोडलेलं नाही.