डाव्या काठाची वही

मी, खाली सही करणारी, सागरी सस्तन प्राणी संवर्धन संस्थेची संस्थापक अध्यक्षा, वय वर्षे एकाहत्तर, पूर्वीचा व्यवसाय शाळेत भूगोल शिकवणे, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत, चष्मा लावून, कोणाच्याही धाकदपटशाशिवाय स्वतःच्या अक्षरात लिहून ठेवते. माझे मन स्थिर आहे. पोट होडी सोडून इतरत्र स्थिर असते.

लिहिण्यास कारण असे की, गेल्या मंगळवारी माझ्या छातीचा फोटो काढला आणि त्यात लिंबाएवढा डाग दिसला. छातीचे तज्ज्ञ "बघू" म्हणाले आणि खिडकीबाहेर बघू लागले. खिडकीबाहेर भिंत होती. सबब मी आवराआवरीला लागले आहे. आज गुरुवार.

कलम एक. माझ्या राहत्या दोन खोल्या, पहिला मजला, खाली शिंप्याचे दुकान, या माझ्या पुतणीला द्याव्यात. ती बँकेत आहे आणि समुद्राशी तिचा काडीचा संबंध नाही. घरात एक तरी शहाणे माणूस हवे, असे तिच्या वडिलांचे, म्हणजे माझ्या दादाचे, मत होते. मात्र मागच्या खोलीत संस्थेचा रबरी देवमासा आहे. शाळांमध्ये दाखवायला घेतला होता. नीट फुगतो का हे पाहायला मी तो घरातच फुगवला. फुगला. हवा सोडायची झडप भिंतीच्या बाजूला आली, आणि दार आत उघडणारे असल्यामुळे ते आता त्याच्या पोटाला टेकून बंद आहे. याला सहा वर्षे झाली. ज्याला घर त्याला देवमासा. त्याला भोसकू नये. समुद्री जिवांचे रक्षण करणाऱ्या बाईच्या घरात देवमासा भोसकला, अशी बातमी मला माझ्या पश्चातही नको आहे.

(देवमासा हा शब्द मी नाइलाजाने वापरते. तो मासा नाही. भाषेने केलेली चूक मी एकटी किती निस्तरणार.)

कलम दोन. माझी दुर्बीण होडीवाल्यांना द्यावी. दादा गेल्यापासून संस्थेची होडी तेच चालवतात. त्यांना कमी ऐकू येते, त्यामुळे दुर्बीण त्यांची झाली हे त्यांना लिहून दाखवावे, नाहीतर ते ती पुसून पुन्हा माझ्याच कपाटात ठेवतील. बोट लागू नये म्हणून घ्यायच्या माझ्या गोळ्या, साधारण अडीच डबे, खजिनदारांना द्याव्यात. ते होडीत कधी बसत नाहीत, पण कार्यकारिणीच्या बैठकीत त्यांचा चेहरा तसाच होतो.

कलम तीन. संस्थेचा पहिला बोर्ड माळ्यावर आहे. रंगाऱ्याने त्यावर "सागरी स्वस्त प्राणी संवर्धन संस्था" असे रंगवले होते. "सस्तन" लिहायची त्याला लाज वाटली म्हणे. तो बोर्ड दोन वर्षे दारावर होता आणि लोक पिशव्या घेऊन यायचे. एका बाईंनी तर विचारले, "स्वस्त म्हणजे साफ करून देता ना?" हा बोर्ड त्या रंगाऱ्याला घरपोच द्यावा. मी त्याला माफ केलेले नाही, हेही पोचवावे.

कलम चार. आता वहिनींचा विषय. टाळून चालणार नाही.

माझ्या वहिनी, दादाच्या पत्नी, या संस्थेच्या कार्यवाह आहेत. संस्था आम्ही तिघांनी काढली. दुसऱ्या वर्षीच्या वार्षिक सभेत, भरल्या सभागृहात, वहिनी पहिल्यांदा बोलायला उभ्या राहिल्या. महिनाभर पाठ केलेले भाषण होते. त्या म्हणाल्या, "डॉल्फिन हा फार माणसाळू मासा आहे." मी मंचावरूनच, माईक न घेता, सगळ्यांना ऐकू जाईल असे म्हणाले, "वहिनी, मासा बाजारात. हा सस्तन प्राणी आहे. पिल्लांना दूध पाजतो. तुम्हाला तरी हे सांगावं लागू नये." सभागृह हसले. वहिनींनी कागदाची घडी केली, पर्समध्ये ठेवली आणि बसल्या.

त्या दिवसापासून आजतागायत त्या माझ्याशी थेट एक शब्द बोललेल्या नाहीत. आमच्या दोघींच्या टेबलांच्या मधोमध खजिनदार बसतात. ते निवृत्त दातांचे डॉक्टर आहेत, लोक तोंड उघडून गप्प बसलेले त्यांना चालतात.

"खजिनदार, त्यांना सांगा, खिडकी लावा. कागद उडतायत," वहिनी म्हणतात.

"खजिनदार, त्यांना सांगा, कागदांवर वजन ठेवायची सोय जगात निघाली आहे."

खजिनदार दोन्ही निरोप देतात, मग उठून स्वतः खिडकी अर्धी लावतात. बावीस वर्षे आमची खिडकी अर्धी आहे.

चूक माझी होती. हे मी पहिल्यांदाच लिहीत आहे, आणि मेल्यावर वाचले जाणार म्हणून लिहिता येत आहे.

कलम पाच. संस्थेचे खरे धन म्हणजे दोन वह्या. डॉल्फिन ओळखायचा तो पाठीवरच्या परावरून आणि अंगावरच्या डाग-ओरखड्यांवरून. फोटो काढायचा, वहीत चिकटवायचा, क्रमांक आणि टोपणनाव द्यायचे. आमची होडी लहान. दोघी एका बाजूला गेलो तर ती कलते, म्हणून दादाने पहिल्याच दिवशी सांगितले होते, "तू डावीकडे, ही उजवीकडे, आणि जागा बदलायची नाही." भांडण झाल्यावर तर जागा बदलायचा प्रश्नच मिटला. वह्याही दोन झाल्या. डाव्या काठाची माझी, उजव्या काठाची वहिनींची. मी त्यांची वही कधी उघडली नाही, त्यांनी माझी नाही. वर्षाअखेर दोघी आपापला आकडा चिठ्ठीवर लिहून खजिनदारांना देत असू आणि ते बेरीज करत. यंदा माझे तेहतीस, त्यांचे एकतीस, एकूण चौसष्ट.

आता नीट वाचावे. डॉल्फिन होडीच्या सोबतीने, होडीच्याच दिशेने पोहतात. त्यामुळे डाव्या काठावरून बघणाऱ्याला त्यांची फक्त उजवी बाजू दिसते आणि उजव्या काठावरून फक्त डावी.

तीन महिन्यांपूर्वी, खाडीच्या तोंडाशी, एक मादी होडीच्या नाकासमोर सरळ उडाली आणि हवेत गर्रकन फिरली. तिच्या उजव्या अंगावर तीन समांतर ओरखडे होते. ही माझ्या वहीतली क्रमांक सहा. सगळ्यांना ढकलून पुढे घुसते म्हणून मी रागाने तिचे नाव "वहिनी" ठेवले होते. मग तिचे डावे अंग दिसले. त्यावर पांढरा डाग होता. तो मी ओळखला, कारण एका वार्षिक अहवालात वहिनींच्या वहीतला एकच फोटो छापून आला होता आणि त्याखालची ओळ मला एकोणीस वर्षे तोंडपाठ आहे: "वन्सं, क्रमांक चार. आगाऊ. इतरांना पुढे येऊ देत नाही." मी माझ्या वहिनींची वन्सं. नाव कोणावरून ठेवले हे सांगायला नको.

ती एकच होती. वहिनी त्या वेळी खाली वाकून कॅमेऱ्याची पेटी बंद करत होत्या. मी माझी वही मिटून पिशवीत टाकली.

सबब, मी या मृत्युपत्राद्वारे जाहीर करते की आमच्या खाडीत चौसष्ट डॉल्फिन नाहीत. निम्मे आहेत. आम्ही बावीस वर्षे प्रत्येक डॉल्फिन दोनदा मोजला. दोघींच्या चिठ्ठ्यांत नव्या पिल्लांचा आकडा दरवर्षी जवळजवळ सारखाच येई, म्हणून या खाडीत दर पिल्लाला जुळे भावंड असते, असे आम्हीच पत्रक काढले होते, आणि लांबून एक अभ्यासक येऊन बाटलीत पाणी भरून घेऊन गेला होता. बिचारा अजून तपासतो आहे. खजिनदारांचे मला राहून राहून नवल वाटते. ज्या माणसाने चाळीस वर्षे समोरच्याचा उजवा दात कागदाच्या डाव्या बाजूला नोंदवला, त्याला तरी कळायला हवे होते.

कलम सहा. हे हसण्यावारी नेऊ नये. खाडीत मोटारहोड्यांना वेगाची बंदी आहे. ती आमच्याच अर्जावरून आली आणि तिची मुदतही आम्हीच लिहून दिली होती: डॉल्फिन पन्नासच्या वर जाईपर्यंत. तेव्हा पन्नास हा आकडा स्वप्नासारखा वाटला होता. आता बंदर खात्यापुढे येत्या बुधवारी अकरा वाजता सुनावणी आहे. चौसष्ट म्हणजे बंदी उठणार. वेगवान होड्यांचा ठेकेदार आमच्या कार्यालयात येऊन आमचे अभिनंदन करून गेला. पंख्याखाली उभा राहून म्हणाला, "मॅडम, तुमच्यामुळेच झालं हे." मी त्याला पाणी दिले.

मी गप्प बसले, कारण सभागृह हसते तेव्हा कसे वाटते हे मला माहीत नाही, फक्त दुसऱ्याच्या तोंडावर पाहिले आहे. तेवढे पुरे होते. मी गेल्यावर हे मृत्युपत्र उघडावे, आकडा दुरुस्त करावा आणि जे हसायचे ते माझ्या फोटोकडे बघून हसावे.

कलम सात. आज सोमवार. छातीच्या तज्ज्ञांनी बोलावून सांगितले की डाग म्हणजे संस्थेचा बिल्ला आहे. फोटो काढताना तो माझ्या आतल्या खिशात राहिला होता. नीट पाहिल्यावर त्यांना शेपटीही दिसली. "तुम्ही ठणठणीत आहात, आणखी वीस वर्षं बघायला नको," असे ते म्हणाले. मी तिथेच रडले. त्यांना वाटले आनंदाने.

माझे सगळे नियोजन मी मरणार यावर बेतलेले होते. बुधवार तर परवा आहे.

कलम आठ. मंगळवार. वकिलांकडे जाऊन आले. त्यांना विचारले, मृत्युपत्र मरणाआधी अमलात आणता येते का. त्यांनी चष्मा काढून माझ्याकडे पाहिले आणि म्हणाले, "बाई, त्याला नुसतं पत्र म्हणतात."

दोन साक्षीदार लागतात. कार्यालयात खजिनदार आणि वहिनी सोडून कोणी नसते. डाव्या काठाची वही मी कलम पाचमध्ये वहिनींच्या नावे केली होती. वकील म्हणाले, ज्याला काही मिळणार आहे त्याला साक्षीला घेऊ नये, उगाच हरकती निघतात. म्हणून वहीची ओळ खोडली आहे आणि खजिनदारांच्या गोळ्याही मृत्युपत्रातून वगळत आहे. आज दुपारी मी वही स्वतः उठून वहिनींच्या टेबलावर ठेवली. खजिनदारांना वळसा घालून जावे लागले. "खजिनदार, त्यांना सांगा," एवढे म्हणाले आणि पुढे काय सांगायचे ते सुचले नाही. खजिनदारांनी तेवढेच सांगितले. वहिनींनी वही उघडली नाही. पाच वाजता पिशवीत घालून घरी नेली.

कलम नऊ. उद्या सुनावणीला जाऊन उभे राहायचे की नाही, हे माझे अजून ठरलेले नाही. पाय तयार नाहीत. बंदी उठली तर पहिल्या हंगामातच किती चिरडले जातील, हे मला इतर कोणाहीपेक्षा जास्त माहीत आहे, आणि तरी पाय तयार नाहीत. हे लिहून ठेवते, म्हणजे माझ्यामागे कोणी मला धाडसी म्हणू नये.

वरील मजकूर मी वाचला, तो माझाच आहे, खाडाखोड तीन ठिकाणी आहे आणि तीही माझीच आहे.

ठिकाण: संस्थेचे कार्यालय, खिडकीजवळचे टेबल.
तारीख: सुनावणीचा बुधवार, सकाळचे साडेनऊ.

सही: अध्यक्षा

साक्षीदार एक: खजिनदार. मजकूर न वाचता सही केली आहे, नेहमीप्रमाणे.

साक्षीदार दोन: कार्यवाह. साक्षीदाराने मजकूर वाचायची गरज नसते असे कळले. मी वाचला. कलम पाचमध्ये दुरुस्ती आहे. "निम्मे" हा आकडा नव्हे. काल घरी तुमची वही उघडली तर पर ओळखीचे, फक्त उलटे दिसले, म्हणून दोन्ही वह्या आरशासमोर धरून मिळवल्या. एकोणतीस जुळतात. तुमचे चार माझ्याकडे नाहीत, माझी दोन पिल्लं तुमच्याकडे नाहीत. एकूण पस्तीस. खात्याच्या नावाने पत्र मी लिहून आणलं आहे, त्यावर दोघींच्या सह्या लागतील. वन्सं, मला आरडाओरडा येत नाही, म्हणून इथेच लिहिते. लोक हसणार. पण त्यातलं निम्मं हसू माझ्या वाट्याचं आहे, ते तुम्ही एकटीने घेऊन जायचं नाही. उठा, गाडी खाली उभी आहे.