बाबाच्या मालकाचं पत्र

१२ जून, शनिवार

कॉलेजच्या ग्रुपवर नोटीस आली. करोनामुळे ज्यांच्या घरची कमाई बंद पडली त्यांना तातडीची मदत. टीवायची पूर्ण फी, वर नेटपॅकचे पैसे. माजी विद्यार्थ्यांनी वर्गणी काढलीय म्हणे. अर्ज तीस तारखेपर्यंत. तीनदा वाचली, मग आईला वाचून दाखवली. ती सुकट निवडत होती. म्हणाली, "फुकट देतात? मंग कायतरी काढून घेतील."

फी भरली नाही तर काय, ते ठरलेलंच आहे. दादा पनवेलला कंपनीत आहे. त्याने तळोज्याला कोळंबी सोलायच्या कारखान्यात माझ्यासाठी जागा बघून ठेवलीय. जुलैच्या शेवटी ठेकेदाराची गाडी येणार, गावातल्या चार पोरी जाणार. दोन वर्षं झूऑलॉजी शिकून शेवटी कोळंबी सोलायची. विषयाला धरून आहे, पण मला नकोय.

१४ जून

अर्ज उघडला. सात अटी. चौथी, आईवडील स्वतः धंद्याचे मालक नसावेत. पाचवी, वडिलांचं काम बंद असल्याचं मालकाचं पत्र, सहीसकट. सातवी वाचायला फोन खाली सरकवला आणि रेंज गेली.

बाबा तांडेल आहे, म्हणजे बोट चालवतो आणि खलाशी सांभाळतो. गेल्या वर्षी बाजार बंद, यंदाही बाजार बंद, मासे आणले तरी घ्यायला कुणी नाही. आता तर पावसाळ्याची मासेमारी बंदी. बोट माडाच्या झापांखाली, इंजिन पडवीत, बाबा ओट्यावर.

विचारलं, "बाबा, तुझा मालक कोण?"

"दर्या."

कदमभाऊंना, म्हणजे कॉलेजच्या क्लार्कना, फोन करून हेच सांगितलं. ते म्हणाले, "मग दर्याचा सही-शिक्का आणा."

माझी भीती वेगळीच. बोट तर आपली आहे. म्हणजे बाबा मालक. म्हणजे अट चार. म्हणजे गाडी, तळोजा, कोळंबी.

१७ जून

शेवटी सरळच विचारलं, बोट तुझ्या नावावर आहे का. बाबा जाळ्याकडे बघत म्हणाला, "माझ्या नावावं न्हाय."

देव पावला. आयुष्यात पहिल्यांदा वाटलं, बरं झालं आपल्या बापाच्या नावावर काही नाही.

"मग कुणाच्या?"

"हाय एकाच्या." आणि उठून जाळी बघायला गेला. जेवताना पुन्हा विचारलं, पुन्हा जाळी बघायला गेला. बंदी लागल्यापासून त्या जाळ्यांकडे त्याने इतकं लक्ष दिलेलं नाही. आई पदर तोंडाला लावून हसत होती. तिला माहीत आहे. सगळ्यांना माहीत आहे, मी सोडून.

१९ जून, शनिवार

बाबा दाढी करायला नाक्यावर गेला तेव्हा पत्र्याची पेटी काढली. देवीच्या ओटीचे खण, त्याखाली दादाचे दहावीचे मार्क (बघितले, बरं वाटलं), त्याखाली बोटीचे कागद.

मालकाचं नाव: कु. सुप्रिया हरिश्चंद्र.

मी.

सही माझीच. तारीख बघितली तर मला अठरा पूर्ण होऊन नऊ दिवस झालेले. आणि मग आठवलं. मी जेवत होते, बाबाने ताटाशेजारी कागद सरकवला. "रेशनकार्डाचं हाय, सही कर." डाव्या हाताने दाबून धरला आणि केली. घरच्या प्रतीवर तेलाचा डाग अजून आहे.

म्हणजे दोन वर्षं मी बोटीची मालकीण आहे, आणि बसच्या पासाला आईकडे दहा-दहा रुपये मागतेय.

२० जून

काल भांडले. खूप भांडले. न विचारता का केलंस, खोटं का बोललास, मला काय अक्कल नाही का. बाबाने सगळं ऐकून घेतलं. मग बोलला, आणि त्याच्या मानाने पुष्कळच बोलला.

"तुझ्या दादाच्या नावावं केली असती तर त्यानं इकली असती. माझ्या नावावं ठेवली तर माझ्यामागं तोच इकनार. तू न्हाय इकनार. आणि उद्या लगीन झाला तर सासरी कोन बोलनार न्हाय, कोल्याची पोर रिकाम्या हातानं आली म्हनून."

मी रागावलेलीच होते, तरी रडू आलं. दोन्ही एकदम होत होतं.

सकाळी टेकडीवरच्या पाण्याच्या टाकीजवळ रेंज मिळाली. सातवी अट वाचली. "विद्यार्थ्याच्या स्वतःच्या नावे कोणतीही मालमत्ता नसावी." वा, छान.

२२ जून

आईचं म्हणणं, पत्र तर देऊन बघ. मालकाने द्यायचं ना? मालक घरातच आहे. पाचव्या अटीला पत्र पाहिजे, तर पत्र देऊ, सातवीचं नंतर बघू. बसले लिहायला.

"प्रमाणपत्र देण्यात येते की श्री. हरिश्चंद्र हे माझ्या मालकीच्या बोटीवर तांडेल म्हणून कामास असून, करोनाच्या साथीमुळे त्यांना काम देणे मला शक्य झालेले नाही."

बाबाने दोनदा वाचायला लावलं. मग म्हणाला, "वर्तनूक चांगली हाय, तां पन लिव."

आई आतून म्हणाली, "खोटां लिवू नको. सरकारी कागूद हाय."

सरकारी नाही गं आई, कॉलेजचा आहे. तरी तडजोड म्हणून "वर्तणूक समाधानकारक" लिहिलं. बाबा दिवसभर फुगून.

२४ जून

एसटीने कॉलेजला. खिडकीत मास्क, वर काच, काचेवर प्लास्टिक. कदमभाऊंना (यापुढे क.भा.) काही ऐकू जात नव्हतं, मला त्यांचं काही कळत नव्हतं. पत्र आत सरकवलं. त्यांनी वाचलं. चष्मा काढला, पुसला, परत वाचलं.

"म्हणजे सुप्रिया, तुम्ही वडिलांना काम दिलं नाहीत."

"नाही."

"आणि आता त्याचीच नुकसानभरपाई आमच्याकडे मागताय."

असं म्हटलं की वाईट दिसतं, खरं आहे.

माणूस चांगला पण. बाकावर बसवलं, चहा दिला, समजावलं. बोट वडिलांच्या नावावर केली तर अट चार आडवी येते. आईच्या केली तरी तेच. भावाच्या नावावर करा. भाऊ म्हणजे ना पालक, ना विद्यार्थी. भाऊ कुठल्याच अटीत बसत नाही. (हे मी लहानपणापासून सांगतेय.) नाव बदलायचा अर्ज केल्याची पोच आणली तरी चालेल. मुदत वाढवून दहा जुलै केलीय. घरी येऊन दोघांना सगळं सांगितलं.

२६ जून, शनि.

दादाला फोन.

"अरे सिंपल है. माझ्या नावावर कर ना. टेन्शन कायको लेती है?"

बरं वाटलं. तेवढ्यात पुढे म्हणाला, "आणि ऐक, बोटीला एक गिऱ्हाईक पण हाय माझ्याकडं. बाबाचं वय झालंय, अजून किती दिवस जाणार तो?"

फोन ठेवला. बाबाला गिऱ्हाइकाचं काही सांगितलं नाही. आईलाही नाही.

पण दादाचं सगळंच चूक आहे असंही नाही. बाबाचा गुडघा धरतो. बोट ओढताना मी बघितलंय.

१ जुलै

बाबा सकाळी लग्नातला पांढरा शर्ट घालून गायब. आईला विचारलं तर म्हणे, मयताला गेला असंल. पांढरा शर्ट मयताला पण तोच आहे.

दुपारी आला तो मच्छी खात्याच्या ऑफिसातून. तिथे दारातच आधी करोनाची टेस्ट केली, म्हणाला, नाकात काडी घातली तेव्हा खवळलेल्या समुद्रात नाही आलं इतकं पाणी आलं डोळ्यात. खिशातून चार घड्या केलेला कागद काढला. बोट दादाच्या नावावर करायचा अर्ज. सगळं भरून आणलेलं, तिथल्या शिपायाकडून. खाली साक्षीदार म्हणून बाबाची सही, अक्षरं एकमेकांपासून लांब लांब. वरची जागा रिकामी. तिथे माझी सही पाहिजे.

"या टायमाला वाचून कर," म्हणाला.

"आणि दादाने विकली तर?"

"इकू दे. लाकूड हाय. तू शिक."

मग जाळी बघायला गेला. मी कागद वाचला. सही नाही केली. मला इतकं वाईट कधीच वाटलं नव्हतं, बारावीला केमिस्ट्री राहिली तेव्हासुद्धा नाही.

५ जुलै, सोमवार

कमिटीची ऑनलाइन मुलाखत. पालकांसह हजर राहावे. टाकीजवळ छत्री धरून आम्ही दोघं. फोन आईच्या डब्यावर टेकवलेला. समितीच्या मॅडम, दोन सर, एका चौकोनात क.भा.

मॅडमनी फाइल वाचलेली दिसत नव्हती. बाबाला म्हणाल्या, "काका, तुमच्या मालकांशी थोडं बोलायचं होतं. फोन नंबर मिळेल का?"

बाबा म्हणाला, "बाजूलाच बसलीय."

क.भा.नी कॅमेरा बंद केला. ते हसत होते, आवाज बंद करायला विसरले होते.

मॅडमना समजायला जरा वेळ लागला. मग त्यांनी विचारलं, साथीत मालकांनी तुम्हाला काही मदत केली का. मी खाली बघितलं. बाबा फोनच्या इतका जवळ गेला की त्यांना नुसती मिशी दिसत असणार.

"मालकीन लहान हाय मॅडम. अजून शिकतेय. आधी तिची फी भरायची हाय, मंग बघू माझा."

मॅडमनी हातातलं पेन खाली ठेवलं.

मग मॅडम म्हणाल्या, नियम म्हणजे नियम. नाव बदलल्याची पोच द्या, फी लगेच मंजूर. नाही तर सगळी हकिगत लेखी द्या, समिती विचार करेल. "पण खात्री देत नाही हं," असं दोनदा म्हणाल्या.

उतरताना बाबाने विचारलं, "कशी झाली माझी मुलाखत?" वर्तणूक चांगली होती, म्हटलं.

८ जुलै

टेबलावर दोन कागद. एकावर फक्त सही करायची, की फी मिळाली. दुसरा कोरा. दोन दिवस त्यांच्याभोवती फिरतेय. आई म्हणाली, "अंडी घालनार हायस काय त्यांच्यावं?"

दादाचे तीन मिस्ड कॉल. गिऱ्हाईक घाई करतंय वाटतं.

१० जुलै, शनिवार

दिला. कोरा होता तो लिहून दिला. बोट माझी आहे, मला न सांगता माझी झाली, पण आता माहीत आहे आणि ती माझ्याच नावावर राहील. बंद बोटीच्या मालकाला फी भरता येत नाही, हे समितीने समजून घ्यावं. दीड पान झालं. क.भा.नी वाचून शिक्का मारला आणि म्हणाले, "मिळेलच असं नाही बरं का." निकाल वीसनंतर. तळोज्याची गाडी अठ्ठावीसला. दादाच्या नावाचा अर्ज चार घड्यांचाच आहे, बॅगेत. फाडला नाही. तेवढी हिंमत झाली नाही.

घरी आले तर बाबा ओट्यावर. कुठला कागद दिलास, ते विचारायचं होतं त्याला, पण विचारेना. बराच वेळ सुतळीची गाठ सोडवत बसला. ती गाठ त्यानेच मारलेली.

मग म्हणाला, "बंदी उठल्यावं बोट पान्यात उतरवायची का? मालकाला इचारून सांग."

"उतरव," म्हटलं.

त्याने मान खाली घातली ती वर करेना. नाक ओढलं. मग म्हणाला, "मंग पगार वाढवून दे."