तिसरा हॉर्न

ता. ३ फेब्रुवारी

ती. अण्णांस,
शि. सा. न.

तर मग तिसराही बसवलात. मागच्या पत्रात मी एवढं लिहिलं की त्या गाडीवर आता दमडी घालू नका, आणि तुम्ही काय केलंत, तर ट्रकचा हॉर्न बसवून आलात. ताईने कळवलं. दूधवाला म्हणे सायकल टाकून भिंतीला चिकटला. आधी हॉर्न, मग स्टार्टर, मग बॅटरी, परत हॉर्न, परत स्टार्टर. अण्णा, तो मिस्त्री तुम्हाला कापतोय. फोनवर सांगावं तर तुम्ही लाइन खराब आहे म्हणून ठेवून देता, म्हणून लिहायला बसलो. सातवीत शाळा सोडली तेव्हा वाटलं होतं की लिहिण्यातून सुटलो.

आणि शेजारच्या काकांना मी जहाज चालवतो असं सांगत जाऊ नका. मी जहाजातून नव्या गाड्या उतरवतो. जहाजाच्या पोटातून गाडी काढायची, उतारावरून खाली आणायची, पांढऱ्या पट्ट्यात लावायची, की परत वर. बाजारात आहेत नाहीत तेवढी सगळी मॉडेलं चालवून झाली, फक्त दुसऱ्या गिअरच्या पुढे कधी गेलो नाही. तेव्हा पळते कशी ते मला विचारू नका, पण चढणं-उतरणं माझ्याइतकं कोणाला माहीत नाही. तुमच्यासाठी दोन नव्या हेरून ठेवल्यात, एक लांब आणि एक छोटी. लांब गाडीत सामान खूप मावतं, पण बसताना विहिरीत उतरल्यासारखं वाटतं, आईचा गुडघा ते मानणार नाही. छोटीचं दार चांगलं मोठं उघडतं, सीट उंच आहे, नुसतं टेकायचं. शिवाय शांत इतकी की चालू आहे की बंद ते कळत नाही. माझ्या मते छोटीच घ्यावी. पहिल्या हप्त्याचे पैसे मी बाजूला टाकलेत. जुनी विका. आईला नमस्कार. लोभ आहेच, तो वाढवा, हॉर्न वाढवू नका.

तुमचा,
धाकटा

ता. १४ फेब्रुवारी

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

पत्र पोचले. हॉर्न हा शब्द तू चार वेळा लिहिला आहेस, आपले हॉर्न तीनच झाले, पण चालवून घेतो.

मिस्त्रीबद्दल वाकडे लिहू नकोस. तो बिचारा दर वेळी म्हणतो की हॉर्न ठीक आहे, मीच हट्टाने बदलून घेतो. पहिला डासासारखा वाजायचा. दुसराही तसाच निघाला. हा तिसरा जरा बरा. स्टार्टरचे म्हणशील तर आपल्या गाडीचे इंजिन इतके मऊ चालते की सुरू झाले की नाही ते समजत नाही, म्हणून मी किल्ली पुन्हा एकदा फिरवतो. मिस्त्री म्हणतो त्याने दात झिजतात. माझेही झिजलेत, मला कोणी विकायला काढले नाही.

तुझ्या सांगण्यावरून शोरूमला जाऊन आलो. तुझ्या आईला छोटीची सीट पसंत पडली. पण तिथला विक्रेता तोंडातल्या तोंडात बोलतो. हल्ली सगळे तसेच बोलतात. त्याने काहीतरी विचारले, मी मान डोलावली, आणि बाहेर आल्यावर तुझी आई म्हणाली की मी लाल रंगाला होकार देऊन आलो. म्हणे छोटी शांत आहे. आपली काय भांडते? उलट रस्तेच सुधारलेत, आता मागून कोणी उगाच हॉर्न वाजवत नाही.

एक मात्र मनात धर. जन्मभर मी लाकडाच्या गिरणीत एका जागी उभा राहून आरा चालवला. लाकूड पुढे गेले, मी तिथेच राहिलो. ही गाडी घेतली तेव्हा पहिल्यांदा मी स्वतः पुढे गेलो. दर आठवड्याला तुझ्या आईला गुडघ्याच्या व्यायामाला मीच नेतो. गाडी गेली की मी दारातल्या बाकावरचा म्हातारा होईन. तब्येतीला जप, नोकरी निदान वर्षभर तरी टिकव.

तुझे,
अण्णा

ता. २१ फेब्रुवारी

चि. भिंगरीस,
अ. आ.

बंदरावर अजून टिकून आहेस हे वाचून बरं वाटलं, तुझ्या भावजींनी तर पैज लावली होती. पण आजचं पत्र थट्टेचं नाही.

परवा अण्णा आईला घेऊन परत येत होते. कोपऱ्यावर मागून आगीचा बंब आला. भोंगा असा की आमच्या घराच्या काचा थरथरल्या. अण्णा आपले रस्त्याच्या मधोमध, डावा इंडिकेटर लावलेला आणि वळायचं नाव नाही. आईने दंड धरून ओढला तेव्हा कुठे गाडी बाजूला घेतली. नशीब, पेटला होता तो नुसता कचऱ्याचा ढीग. आणि नंतर अण्णा तिथे चालत जाऊन बंबवाल्याला काय म्हणाले असतील? म्हणाले, बाबा रे, मागे आलास तर निदान हॉर्न तरी वाजवायचास. त्याला वाटलं म्हातारा आपली चेष्टा करतोय. गाडीचा नंबर लिहून घेतला आणि बजावलं की पुन्हा असं झालं तर लायसन जाईल.

त्याआधी एकदा गाडीतला रेडिओ रात्रभर मोठ्याने लावून ठेवला. गल्ली जागी, अण्णा झोपलेले. बॅटरी उतरली ती त्यामुळे. भावजींनी बेकरीवाल्याशी गाडीचं बोलून ठेवलंय, तो रविवारनंतरच्या रविवारी पैसे घेऊन येणार आहे. हे अण्णांना सांगितल्यापासून त्यांनी बोलणं टाकलंय. आईचंही ऐकत नाहीत, माझंही ऐकत नाहीत, तुझं तरी ऐकतील. जरा कडक लिही. आणि वेळेवर जेवत जा.

तुझी,
ताई

ता. २७ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न.

बेकरीवाल्याला थांबव. काय वाटेल ते सांग, पण थांबव.

जहाजाच्या पोटात एकदम शंभर गाड्या सुरू असतात, म्हणून कंपनी दर वर्षी आमचे कान तपासते. एका काचेच्या खोक्यात बसवतात, आवाज आला की बटण दाबायचं. माझ्या आधी आमचा क्रेनवाला आजोबा बसला होता. अंगठा बटणावर ठेवून शांत बसून राहिला आणि बाहेर आल्यावर चिडला, म्हणाला मशीन बिघडलंय. ताई, सूर अगदी तसाच, अण्णा फोनवर लाइन खराब आहे म्हणतात ना तसा.

खोलीवर येऊन अण्णांचं पत्र काढलं आणि तुझ्या पत्राशेजारी ठेवलं. डासासारखे हॉर्न. मऊ इंजिन. तोंडातल्या तोंडात बोलणारा विक्रेता. वाजत राहिलेला रेडिओ. इंडिकेटरची टिकटिक. मिस्त्री चोर नाही आणि गाडीही ठणठणीत आहे. बिघाड एकच आहे आणि तो गाडीत नाही. आपण सगळे जन्मभर बोंबलत आलो की अण्णा ऐकत नाहीत. अगं, त्यांना ऐकू येत नाहीये. आऱ्याने खाल्ले कान.

हे तोंडावर सांगू नकोस, साफ नाही म्हणतील. मी त्यांना वेगळं पत्र टाकलंय, एक मिस्त्री दुसऱ्याला लिहितो तसं. तोवर किल्ली तुझ्याकडे ठेव, स्टार्टर नाजूक झालाय म्हण. भावजींना सांग, पैज हरलात. तुझी माया अशीच राहू दे.

तुझा,
भिंगरी

ता. ९ मार्च

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

तू लिहिलेस तसे केले. काचा वर केल्या, डावा इंडिकेटर लावला, डोळे मिटले आणि टिकटिक मोजायला बसलो. मोजायला काही मिळेना. मग तुझ्या आईला बसवले. ती डोळे मिटून मांडीवर बोट आपटत राहिली. मिस्त्रीला बसवले, त्याचेही बोट हलायला लागले. तरी सवयीने मी एकदा बॉनेट उघडून पाहिले. मग बॉनेट लावून टाकले आणि तसाच टेकून उभा राहिलो.

कानाच्या डॉक्टरीणबाईंकडे मिस्त्रीनेच गाडी चालवत नेले. त्यांनी तपासून एक छोटेसे यंत्र नमुन्यादाखल कानात घातले आणि बाहेर फेरी मारून या म्हणाल्या. खाली येऊन गाडीजवळ उभा राहिलो. मिस्त्रीने किल्ली फिरवली. अरे, केवढी खडखडते ती. एवढी खडखड ऐकत तुझी आई इतकी वर्षे शेजारी बसली आणि एका शब्दाने बोलली नाही. म्हणजे बोलली असेल. मग मी मिस्त्रीला हॉर्न वाजवायला सांगितला. दूधवाल्याची माफी मागायला मी उद्या जाणार आहे.

बाई म्हणाल्या की यंत्र लावून पुन्हा तपासणीत पास झालो तर गाडी चालवायला हरकत नाही, तसे त्या लिहून देतील. यंत्रे महाग आहेत. मी म्हटले, एका कानाचे पुरे. आरा उजवीकडे होता, तो कान गेला तर गेला, डाव्याला लावू. बेकरीवाल्याला तुझ्या ताईने केव्हाच पिटाळले. तुझ्या आईचे आशीर्वाद.

तुझे,
अण्णा

ता. १६ मार्च

ती. अण्णांस,
शि. सा. न.

पत्र वाचून जहाजात एकटाच हसत बसलो, मुकादमाला वाटलं ऊन लागलं. डासासारख्या हॉर्नची गोष्ट क्रेनवाल्या आजोबाला सांगितली. तो पण यंत्र घेणार आहे.

गाडी विकायची नाही. खडखडीचं मिस्त्रीला नीट विचारा, बहुतेक सायलेन्सरचा पत्रा सुटला असेल, फार खर्च नाही. मी त्याला चोर म्हटलं ते त्याच्या कानावर घालू नका, आणि पुढच्या खेपेला चहा माझ्या नावाने पाजा. तिसरा हॉर्न काढा आणि पहिला परत बसवा, तो अजून त्याच्याकडे पडलेला असेल. छोटी गाडी कुठे पळून जात नाही. तशी पळतच नाही, मीच तिला रोज दुसऱ्या गिअरमध्ये उतरवतोय. पण लाल घेऊ नका.

जूनमध्ये सुट्टी टाकलीय. आलो की एक दिवस किल्ली माझ्याकडे द्या. तुम्ही शेजारी बसा, आई मागे ऐसपैस पाय लांब करून बसेल, आणि गावाबाहेरच्या सरळ रस्त्यावर मला एकदा तिसरा टाकू द्या. नंतर चौथा. मी चुकलो तिथे तुम्ही ओरडा, आणि या वेळी मी काय उत्तर देतो तेही ऐका. आईला नमस्कार. तुमचा हात माझ्या डोक्यावर असाच असू द्या.

तुमचा,
धाकटा

ता. क. एका कानाचं चालणार नाही. दोन्हींचं घ्या, नाहीतर आई बोलायला लागली की तुम्ही नेमका दुसरा कान पुढे कराल, मी ओळखून आहे. हप्त्याचे बाजूला टाकलेले सगळे पाठवतोय, एकोणीस हजार.